हार्ट कम्युनिकेटर फील्डवर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्स्ट्रुमेंटेशनला नवीन लागलेली पोरं दर वर्षी तेच तेच विचारतात, आणि खरं सांगायचं तर दहा-दहा वर्षं झालेलेही यातले काही प्रश्न हळूच बाजूला घेऊन विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. हार्ट कम्युनिकेटर म्हणजे ट्रान्समीटरशी बोलून त्याची माहिती वाचणारं आणि सेटिंग बदलणारं हातातलं यंत्र. डोक्यात एमर्सनच्या ४७५ आणि ट्रेक्ससारखे हँडहेल्ड आणि ४-२० मिलीअँपचे ट्रान्समीटर (प्रेशर, फ्लो, लेव्हल मोजून तो आकडा करंटच्या रूपात पाठवणारी इन्स्ट्रुमेंट) धरून लिहिलंय, बाकी कंपन्यांचे कम्युनिकेटर असतील तर मेनू वेगळा असेल, पण वायरिंगचं शास्त्र तेच.

हार्ट म्हणजे नक्की काय? हृदयाशी काही संबंध?

काही नाही. हायवे अ‍ॅड्रेसेबल रिमोट ट्रान्सड्यूसर याची आद्याक्षरं. १९८० च्या दशकात रोझमाउंटने काढलं आणि नंतर सगळ्यांसाठी खुलं केलं. आयडिया साधी आहे, ४-२० मिलीअँपचा करंट त्याच्या जागी चालू राहतो आणि त्याच्यावर बारीकशी लहर स्वार होते, वर अर्धा मिलीअँप, खाली अर्धा मिलीअँप. १२०० हर्ट्झ म्हणजे एक, २२०० हर्ट्झ म्हणजे शून्य. लहर वर जेवढी तेवढीच खाली, त्यामुळे सरासरी शून्य येते आणि डीसीएसला, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टीमला, तिचा पत्ताही लागत नाही. स्पीड १२०० बिट प्रति सेकंद, म्हणजे आजच्या हिशोबाने बैलगाडीच, म्हणून मेनू उघडायला वेळ लागला की लगेच बटणं बडवू नका.

चालू लूपवर कम्युनिकेटर जोडला तर प्लांट ट्रिप होतो का?

नीट जोडला तर नाही. (लूप म्हणजे ट्रान्समीटर, त्याच्या दोन वायरी आणि पॅनल मिळून झालेलं सर्किट, ट्रिप म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडणं.) नुसतं जोडून पीव्ही (मोजलेला आकडा) बघणं, टॅग (इन्स्ट्रुमेंटचा नंबर) वाचणं, स्टेटस बघणं यात लूपला काही होत नाही. ट्रिप होते ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे क्लिप घसरून शॉर्ट झाली, आणि दुसरी म्हणजे तुम्ही काहीतरी बदलून सेंड दाबलं.

पहिली गोष्ट मी स्वतः केलेली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष, हॉट ऑइलचा फ्लो ट्रान्समीटर, जेबीत (जंक्शन बॉक्समध्ये) टर्मिनल अगदी चिकटून आणि माझ्याकडे लोकल मगरीच्या क्लिपा, तोंड ही एवढी मोठी. एक क्लिप फिरली आणि दुसरीला टेकली. ट्रान्समीटरच्या दोन्ही वायरी शॉर्ट म्हणजे २४ व्होल्ट सरळ लूपमधल्या २५० ओहमच्या रेझिस्टरवर, हिशोबाने ९६ मिलीअँप होतात. पॅनलवर फ्लो आधी फुल स्केलला उडी मारून गेला, मग मार्शलिंगमधला (कंट्रोल रूमकडच्या वायर जोडणीच्या कपाटातला) फ्यूज उडाला आणि फ्लो शून्य, लो-लो (फारच कमी फ्लोची ट्रिप) लागला, हीटर बंद. सगळा खेळ दोन सेकंदांचा. शिफ्ट इन्चार्ज काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्या किटमध्ये बारीक हुकवाले ग्रॅबर असतात आणि एकाला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप. आधी एक लावायचा, हलवून बघायचा, मग दुसरा. दोन्ही हातात घेऊन एकदम लावायला जाऊ नका.

जायच्या आधी कोणाला सांगायचं? नुसतं बघायलाच तर चाललोय.

नुसतं बघायला गेलात तरी पॅनल ऑपरेटरला सांगा. टॅग नंबर वॉकीटॉकीवर बोलून समोरच्याकडून परत म्हणवून घ्या, कारण २१०१ आणि २११० यातली गफलत सगळ्यात कॉमन. परमिट तर लागतंच. आणि काही बदलायचं असेल तर लूप मॅन्युअलला, त्या ट्रान्समीटरवर इंटरलॉक (रीडिंग मर्यादेबाहेर गेलं की आपोआप ट्रिप करणारी व्यवस्था) असेल तर त्याचा बायपास, तोही लिहून आणि सही घेऊन. तोंडी "हो घेतलाय बायपास" याला काही किंमत नाही, कारण कधीकधी बायपास शेजारच्या टॅगचा घेतलेला असतो.

४७५ वर लूपवर परिणाम होईल असं काही करायला गेलात की स्क्रीनवर वॉर्निंग येते, लूप ऑटोमॅटिक कंट्रोलमधून काढा म्हणून. आपण सगळे ती न वाचता ओके दाबतो, अगदी मोबाईलवर अटी-शर्ती मान्य केल्यासारखं. तो ओके दाबायच्या आधी वॉकीटॉकी उचला, बस एवढी एक सवय लावून घ्या.

नक्की कुठे जोडायचा? प्लस-मायनस बघायचं का?

लूपला पॅरलल. ट्रान्समीटरच्या प्लस-मायनस टर्मिनलवर, नाहीतर जेबीत त्याच पेअरवर, नाहीतर मार्शलिंगमध्ये. २५० ओहमच्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर जोडला तरी चालतो. हार्टला पोलॅरिटी नसते त्यामुळे उलटसुलट लागला तरी बोलतो. सीरिजमध्ये मात्र जोडायचा नाही. मल्टिमीटरने करंट मोजायची सवय असलेले लोक इथे हमखास चुकतात, वायर सोडवतात आणि मध्ये कम्युनिकेटर घालतात, म्हणजे वायर सोडवली त्याच क्षणी लूप गेला. ट्रेक्सचं एक मॉडेल करंट मोजतं आणि ट्रान्समीटरला पॉवरही देतं, पण ते टेबलवर बेंच टेस्टिंगसाठी. आधीच पॉवर असलेल्या लूपवर तो मोड लावायचा नाही.

२५० ओहमचं एवढं काय आहे? माझ्याकडे टेबलवर पॉवर सप्लाय आहे, ट्रान्समीटर आहे, तरी बोलत नाही.

कारण रेझिस्टर नाही. पॉवर सप्लायचा अंतर्गत रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, हार्टच्या लहरीला तो सरळ शॉर्ट वाटतो आणि सगळा सिग्नल तिथेच गिळला जातो. लूपमध्ये निदान २३० ओहम हवेत, म्हणून बाजारात मिळणारा २५० वापरतात. डीसीएसच्या बऱ्याच इनपुट कार्डांत तो आतच असतो म्हणून फील्डवर प्रश्न येत नाही, आणि टेबलवर मात्र नवीन माणूस अर्धा दिवस ट्रान्समीटरला शिव्या घालत बसतो. हेच कारण आहे की सप्लायच्या दोन टोकांवर कम्युनिकेटर लावला तर काही दिसत नाही, रेझिस्टरच्या पलीकडे जाऊन लावावा लागतो.

टर्मिनलवर टेस्ट लिहिलेला स्क्रू आहे, तिथे लावला तर?

नाही. तो मिलीअँपमीटरसाठी आहे, आत एक डायोड आहे ज्याच्यामुळे वायर न सोडता करंट मोजता येतो. कम्युनिकेटर तिथे बोलणार नाही. आणि चुकून २४ व्होल्टची सप्लाय वायरच तिथे लावलीत तर डायोड जाऊ शकतो.

कम्युनिकेटरवर एक्स आयए लिहिलंय. म्हणजे हॅझार्डस एरियात (जिथे स्फोटक गॅस असू शकतो तिथे) कुठेही, कसाही वापरता येतो ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि यावर सगळ्यात जास्त चुकीचं ज्ञान फिरतंय, म्हणून जरा सविस्तर.

एक्स आयए म्हणजे कम्युनिकेटर स्वतः गॅस पेटवण्याइतकी ऊर्जा बाहेर देणार नाही. तो त्याच्यापुरता शहाणा. पण तुमचा ट्रान्समीटर कुठल्या पद्धतीने सुरक्षित केलाय ते वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे पुष्कळ जुन्या प्लांटमध्ये ट्रान्समीटर एक्स डी, म्हणजे फ्लेमप्रूफ असतात. त्यांचं सगळं तत्त्व झाकणात आहे. आत स्फोट झाला तरी जाड बॉडी आणि झाकणाचे आटे ती ज्वाळा बाहेर येईपर्यंत थंड करतात. झाकण उघडलं की संरक्षण शून्य. आतला २४ व्होल्ट बॅरिअरशिवाय (व्होल्टेज-करंट सुरक्षित मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) थेट पॅनलमधून आलेला असतो, क्लिप लावताना ठिणगी पडली तर ती काही तुमच्या कम्युनिकेटरचं सर्टिफिकेट बघत नाही. झाकणावर बऱ्याचदा कोरलेलंच असतं, सर्किट चालू असताना झाकण घट्ट ठेवा, पण त्याच्यावर रंगाचे चार थर चढलेले असतात त्यामुळे कोणी वाचत नाही.

मग करायचं काय? पहिला पर्याय, फील्डवर जाऊच नका, कंट्रोल रूमच्या मार्शलिंगमध्ये त्याच पेअरवर जोडा. निम्म्याहून जास्त कामं तिथूनच होतात आणि उन्हातान्हात शिडी चढावी लागत नाही. दुसरा, सप्लाय बंद करून झाकण उघडा, पण मग कम्युनिकेशन कसलं होणार. तिसरा, गॅस टेस्ट करून, परमिटमध्ये चालू सर्किट उघडणार असं स्पष्ट लिहून घेऊन, मग उघडा. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून चौथा पर्याय लोक काढतात, तो नाही.

आणि लेबल पूर्ण वाचा. गॅस ग्रुप आयआयसी म्हणजे हायड्रोजन, अ‍ॅसिटिलीनसुद्धा चालतं. आयआयबी असेल तर हायड्रोजनच्या युनिटमध्ये न्यायचा नाही. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापणार नाही. भारतात अशा उपकरणांची मंजुरी पेसोकडून (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था) असते, ज्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. परदेशातून कोणी नातेवाइकाने आणून दिलेला, बिना एक्स मार्किंगचा स्वस्त हार्ट मोडेम लॅपटॉपला लावून प्लांटमध्ये फिरणारे वीर मी पाहिलेत. लॅपटॉप म्हणजे चालतीबोलती ठिणगी आहे, त्याला कंट्रोल रूमच्या बाहेर काढू नका.

लूप बॅरिअरवाला असेल, म्हणजे इन्ट्रिन्सिकली सेफ, तर?

मग झाकण उघडून एक्स आयए कम्युनिकेटर लावता येतो, त्यासाठीच ती पद्धत आहे. फक्त कागदावर हिशोब जमला पाहिजे. बॅरिअरमधून बाहेर येऊ शकणारे जास्तीत जास्त व्होल्टेज, करंट, पॉवर (यूओ, आयओ, पीओ) हे ट्रान्समीटरला चालणाऱ्या व्होल्टेज, करंट, पॉवरपेक्षा (यूआय, आयआय, पीआय) कमी किंवा तेवढेच. केबल, ट्रान्समीटर आणि कम्युनिकेटर सगळ्यांचं मिळून कपॅसिटन्स बॅरिअरच्या सीओच्या (त्याला चालणाऱ्या कमाल कपॅसिटन्सच्या) आत, इंडक्टन्सचंही तसंच. कम्युनिकेटर स्वतःही थोडं व्होल्टेज-करंट देऊ शकतो, ते त्याच्या सर्टिफिकेटवर असतं आणि तेही धरायचं. हे काम टेक्निशियनने शिडीवर उभं राहून करायचं नाहीये, इंजिनिअरने आधी करून लूपच्या फाइलला लावून ठेवायचंय. लावलेलं नसेल तर मागा.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. झेनर बॅरिअरमध्ये साधारण ३०० ओहम असतात, २० मिलीअँपला तिथे ६ व्होल्ट गेले, २५० ओहमवर ५ गेले, २४ मधून उरले १३, त्यात लांब केबल. बऱ्याच ट्रान्समीटरना निदान १०.५ व्होल्ट लागतात. म्हणून रीडिंग कमी असताना कम्युनिकेटर छान बोलतो आणि फुल स्केलच्या जवळ गेलं की गप्प होतो, अशी भुताटकी दिसली तर आधी ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा.

मॅगमीटर (मॅग्नेटिक फ्लो मीटर) किंवा चार वायरच्या इन्स्ट्रुमेंटला कसं?

सांभाळून. तिथे त्याच डब्यात २३० व्होल्ट असू शकतात. ४-२० चे टर्मिनल मॅन्युअलमध्ये बघून, मल्टिमीटरने मोजूनच क्लिप लावा. वायरीच्या रंगावर जाऊ नका, कारण मागच्या शटडाऊनला ज्याने वायरिंग केलं त्याच्याकडे कुठल्या रंगाचं बंडल शिल्लक होतं ते देवालाच माहीत.

"नो डिव्हाइस फाउंड" येतंय. आता काय?

मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो. आधी स्वतःच्या लीड, त्यांची आतून तुटलेली वायर हे नंबर एकचं कारण. मग टर्मिनलवरचं व्होल्टेज. मग लूपमध्ये रेझिस्टन्स आहे का. मग ट्रान्समीटर खरंच हार्टचा आहे का, कारण योकोगावाचे बरेच जुने ट्रान्समीटर ब्रेन प्रोटोकॉलचे आहेत, त्यांना बीटी२०० लागतो आणि ४७५ घेऊन तासभर बसलात तरी ते तोंड उघडणार नाहीत. मग पोलिंग अ‍ॅड्रेस, नेहमी शून्य असतो पण कोणी मल्टिड्रॉपसाठी (एकाच पेअरवर अनेक इन्स्ट्रुमेंट) बदलला असेल तर कम्युनिकेटरला १ ते १५, नवीन हार्टमध्ये ६३ पर्यंत शोधायला सांगावं लागतं. एवढं करूनही नाही तर जेबीत पाणी, शील्ड दोन्हीकडे अर्थ केलेलं, शेजारून जाणारी व्हीएफडीची (मोटरचा स्पीड बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल. मार्शलिंगमधून बोलतोय आणि फील्डवरून नाही, किंवा उलट, असं असेल तर दोष कुठल्या तुकड्यात आहे ते आपोआप कळतं.

डिव्हाइस "जेनेरिक" दिसतोय, मेनू अर्धाच आहे.

त्या मॉडेलची, त्या रिव्हिजनची डीडी फाइल (त्या इन्स्ट्रुमेंटचे मेनू आणि सेटिंग सांगणारी फाइल) कम्युनिकेटरमध्ये नाही. पीव्ही, टॅग, रेंज असं सगळ्यांना समान असलेलं दिसेल, पण खास सेटिंग दिसणार नाहीत. अपडेट करून घ्या. जेनेरिकमध्ये कॉन्फिगरेशनचे उद्योग नकोत.

रेंज बदलली, कम्युनिकेटरवर रीडिंग बरोबर आहे, पण पॅनलवाला म्हणतो निम्मंच दिसतंय!

कारण तुम्ही एकाच बाजूला बदललंय. समजा डीपी (दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक मोजणारा) ट्रान्समीटर ० ते २५०० मिलिमीटर पाण्याचा होता आणि तुम्ही ५००० केला. आत्ता प्रेशर १२५० आहे. आधी १२ मिलीअँप जात होते, आता ८ जातील. डीसीएसला काहीच माहीत नाही, तो ८ मिलीअँप म्हणजे २५ टक्के म्हणून ६२५ दाखवणार. तुमच्या हातातल्या स्क्रीनवर मात्र डिजिटल पीव्ही १२५०, एकदम बरोबर, म्हणून तुम्ही छाती पुढे काढून भांडणार. कंट्रोल आणि ट्रिप ४-२० वर चालतात, तुमच्या स्क्रीनवर नाही, तेव्हा कम्युनिकेटरवर पीव्हीसोबत मिलीअँपही बघायचे आणि पॅनलशी जुळवायचे. डीपीवरून फ्लो काढायला लागणाऱ्या स्क्वेअर रूटचंही तेच, ट्रान्समीटरमध्ये आणि डीसीएसमध्ये दोन्हीकडे लावलं तर खरा ५० टक्के फ्लो ७१ टक्के दिसतो.

आकडा चुकला तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीतला स्फोट, २३ मार्च २००५, १५ माणसं गेली. टॉवर भरत चालला होता आणि लेव्हल ट्रान्समीटर लेव्हल कमी होतेय असं दाखवत होता, त्याचं कॅलिब्रेशन चुकीच्या स्पेसिफिक ग्रॅव्हिटीवर होतं. कारणं इतरही पुष्कळ होती, पण हे त्यातलं एक होतं.

झिरो ट्रिम कधी मारायचा?

डीपी खरंच शून्य असेल तेव्हा. मॅनिफोल्डवर (ट्रान्समीटरजवळच्या व्हॉल्व्हच्या संचावर) एक ब्लॉक व्हॉल्व्ह बंद, दोन्ही बाजू जोडणारा इक्वलायझर उघडा, दुसरा ब्लॉक बंद, रीडिंग स्थिर होऊ द्या, मग ट्रिम. लाइनमध्ये फ्लो चालू असताना "थोडंसं वर दाखवतोय" म्हणून झिरो मारला की खरा फ्लो तुम्ही पुसून टाकलात. इम्पल्स लाइनमध्ये (ट्रान्समीटरपर्यंत प्रेशर आणणाऱ्या नळीत) एका बाजूला हवा अडकली असेल तरी रीडिंग सरकतं, तेव्हा आधी व्हेंट करा, ट्रिम नंतर.

लूप टेस्ट झाली, कम्युनिकेटर काढला, पण पॅनलवर रीडिंग हलतच नाही.

लूप टेस्टमध्ये कम्युनिकेटर ट्रान्समीटरला ठराविक करंट द्यायला लावतो, आणि तुम्ही त्यातून बाहेर न पडता क्लिपा काढल्या. ट्रान्समीटर १२ मिलीअँपवर फिक्स होऊन बसलाय, आणि तो तुम्ही परत जोडून एक्झिट करेपर्यंत किंवा त्याची पॉवर बंद-चालू होईपर्यंत तिथेच बसणार. हे दिसायला फार निरागस असतं, ५० टक्के, कुठलाही अलार्म नाही, फक्त ट्रेंडवर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. टँक भरला तरी रेघ सरळच. म्हणून क्लिप काढायच्या आधी ऑपरेटरला विचारा, "रीडिंग हलतंय का?" आणि हलतंय असं ऐकू आल्यावरच झाकण लावा. टेस्टमध्ये ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जाऊ नका, बऱ्याच सिस्टीम तो ट्रान्समीटर फेल झाल्याचा सिग्नल समजतात.

व्हॉल्व्हच्या पोझिशनरला (व्हॉल्व्ह हवा तेवढा उघडणाऱ्या उपकरणाला) जोडायचं तर वेगळं काही?

हो. ट्रान्समीटर चुकला तर आकडा चुकतो, इथे लोखंड हलतं. ऑटो कॅलिब्रेशन दाबलं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, पूर्ण बंद होतो, विचारत नाही. व्हॉल्व्ह आयसोलेट करून बायपास लाइनवर घेतला असेल तरच. आणि स्टेमजवळ कोणाचा हात नाही ना ते स्वतः वाकून बघायचं.

सेफ्टी सिस्टीमच्या ट्रान्समीटरचं?

राइट प्रोटेक्टचा जंपर किंवा स्विच ऑन असतो, तो ऑनच राहिला पाहिजे. बदल करायचा तर एमओसी (बदलाची लेखी मंजुरी), बायपास, एका वेळी एकच ट्रान्समीटर. काम झाल्यावर स्विच परत ऑन केलाय हे दुसऱ्या माणसाने बघून सही करायची.

दोघांनी दोन कम्युनिकेटर एकाच लूपवर लावले तर?

हार्टमध्ये दोन मास्टर चालतात, एक डीसीएस किंवा मल्टिप्लेक्सर, दुसरा हँडहेल्ड. दोन्ही हँडहेल्ड म्हणजे दोघे एकमेकांच्या तोंडात बोलणार. एक काढा.

फील्डबसच्या सेगमेंटवर हार्टचे टर्मिनल लावले तर?

लावू नका, फील्डबसचे टर्मिनल वेगळे असतात. फाउंडेशन फील्डबसमध्ये एकाच केबलवर अनेक इन्स्ट्रुमेंट असतात, म्हणजे तुमच्या एका शॉर्टने सगळी जाऊ शकतात. तिथे कम्युनिकेटर सेगमेंटमधून थोडा करंटही ओढतो, तेवढी जागा सप्लायमध्ये आहे का ते आधी विचारा.

आजकाल ब्लूटूथवाले ट्रान्समीटर आलेत, मोबाईलवरून केलं तर?

ट्रान्समीटर चालतो, तुमचा खिशातला मोबाईल नाही. एक्स मार्किंगचा फोन किंवा टॅब्लेट कंपनीने दिला तरच.

पावसाळ्यात?

कोकणपट्टीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. पाऊस चालू असताना झाकण उघडायचं नाही, वर प्लॅस्टिकचा कागद धरून तर अजिबात नाही, कारण पाणी कागदावरून ओघळून बरोबर आत जातं. ओ-रिंग बघा, केबल ग्लँड बघा, न वापरलेल्या एंट्रीला प्लग आहे ना बघा. आणि झाकण हाताने पूर्ण आवळा, दोन आटे बाकी ठेवून "उद्या परत यायचंच आहे" म्हणू नका, फ्लेमप्रूफला तेच आटे लागतात.

बॅटरी फील्डवर बदलता येते का?

नाही. बॅटरी काढणं, घालणं, चार्जिंग सगळं सेफ एरियात. शिफ्ट सुरू होताना एकदा बघून घ्या, नाहीतर चौथ्या प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर स्क्रीनवर लाल बॅटरी दिसते, खाली ऑपरेटर लूप मॅन्युअलला धरून बसलेला असतो आणि वॉकीटॉकीवर विचारत असतो, "झालं का साहेब?"